शेवटच्या झाडापाशी वळताना

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय ड्रायव्हरीणबाई,

आशीर्वाद द्यायला मी तुझ्याहून फार मोठा नाही, आणि नमस्कार केला तर तू हसशील. तेव्हा नुसती आठवण पाठवतो, ती गोड मानून घे. इकडे मी बरा आहे, रोपं बरी आहेत, मांजर जरा जास्तच बरी आहे. तुझ्या खुर्चीत झोपते आणि उठवलं की मी भाडेकरू असल्यासारखी माझ्याकडे बघते.

पत्र का, तर फोनवर तू ‘हं’ म्हणतेस, ‘बरं’ म्हणतेस आणि लगेच ‘ठेवते’ म्हणतेस. पत्राला मधेच ‘ठेवते’ म्हणता येत नाही. फार तर दवाखान्यातल्या उशीखाली सारशील, पण मग तुझ्या सोबतीला असलेली आपली पोरगी ते काढून मोठ्याने वाचेल. तिला मी तशी ताकीदच दिली आहे, आणि बापाचं ऐकायची संधी तिला कधी नव्हे ती मिळतेय.

नर्सरीत लिंबाची कलमं चांगली धरली. कुंडीवाली रोज वेळेवर येते, कुंड्या भरता भरता दिवसभर बडबडते आणि जाताना विचारते, ‘ताई कधी येणार?’ मी म्हणतो, येतील. ती म्हणते, ‘तुम्ही कालही हेच म्हणालात.’ आता रोज नवीन उत्तर कुठून आणू?

तुझा निरोप पोचला. ‘ट्रॅक्टर विकून टाका म्हणावं.’ पोरीने जसाच्या तसा सांगितला, तुझ्या आवाजासकट. खेळाच्या मैदानाची देखभाल बघणारे गृहस्थ येऊनही गेले. त्यांना असाच छोटा, गिअर-क्लच नसलेला हवा आहे, गवत कापायला. मी म्हणालो, सध्या सुरूच होत नाही. ते म्हणाले, ‘मग मी गेटाशी होतो तेव्हा आवाज कसला येत होता?’ मी म्हणालो, पंपाचा. त्यांनी पंपाकडे पाहिलं. पंप खोलून ठेवला होता. सभ्य माणूस, चहा पिऊन गेले.

आवाज ट्रॅक्टरचाच होता. आणि चालवत मी होतो.

हसून झालं असेल तर पुढे वाच. माल भरताना तू टेंपोच्या फळीवरून पडलीस त्या दिवसापासून तो शेडमध्ये तसाच उभा होता. इतक्या वर्षांत मी त्याच्या सीटवर फक्त बी वाळत घातलं, तेसुद्धा तुझ्या शिव्या खाऊन. मला त्याची भीती वाटते हे तुला ठाऊक आहे. पण कुणीतरी हलवायला हवा, नाहीतर बॅटरी उतरते, असं मिस्त्री म्हणाला. मिस्त्री म्हणजे आपला नेहमीचाच, ज्याला तू ‘पाना हरवणारा’ म्हणतेस. त्यानेच शेजारी उभं राहून शिकवलं.

आधी मी डाव्या पायाने क्लच शोधत बसलो. मिस्त्री म्हणाला, ‘साहेब, क्लच नाही. हा तेलाच्या दाबावर चालतो. उजव्या पायाचं पेडल पुढे दाबलं की पुढे, मागे दाबलं की मागे, आणि पाय उचलला की आपोआप थांबतो.’ पाय उचलला की थांबतो! इतकी समजूतदार वस्तू आपल्या घरात आहे हे तू मला कधीच सांगितलं नाहीस. मी उगाच तिला घाबरून राहिलो.

डाव्या पायाशी ब्रेकची दोन पेडलं, एक डाव्या चाकाचं, एक उजव्याचं. रस्त्यावर जाताना दोन्ही खिट्टीने जोडायची, म्हणजे एकत्र दाबली जातात. हे त्याने मला नीट समजावून सांगितलं, मी मान डोलावली, आणि खिट्टी न लावताच गेटाकडे निघालो. उतारावर कुंडीवाली आडवी आली. पाय उचलला असता तर थांबला असता, पण घाबरलेल्या माणसाचा पाय ब्रेकवरच जातो. नेमकं डावं पेडल एकटंच दाबलं गेलं. ट्रॅक्टरने गर्रकन मान फिरवली आणि आम्ही दोघे, मी आणि तो, खताच्या ढिगात. कुणाला काही लागलं नाही. कुंडीवाली खाली बसून हसत होती. तिने आता मला ‘शेणखत साहेब’ म्हणायला सुरुवात केली आहे, ते तू आल्यावर बंद कर.

पायाला रात्री ठणका लागतो का अजून? पोरीला विचारलं तर ती ‘ठीक आहे’ म्हणते. तुमच्या दोघींच्या ‘ठीक’चा मला पत्ता लागत नाही.

डॉक्टर माझ्याशी काय बोलले, असं तू तिच्याकडून विचारलंस. व्हरांड्यात भेटले होते खरे. त्यांच्या गच्चीतल्या कुंडीत लिंबू आहे, फुलतं पण फळ धरत नाही, त्याबद्दल विचारत होते. मी सांगितलं, पाणी कमी करा.

व्यायाम बुडवू नकोस.

तुझाच,
माळीबुवा

*

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रिय ड्रायव्हरीणबाई,

तुझं उत्तर आलं नाही, पण पोरगी म्हणाली, खताच्या ढिगापाशी तू हसलीस. मोठ्याने की नुसती ओठाने, हे तिने सांगितलं नाही. मी मोठ्याने असं धरून चाललो आहे.

आता मी ओळींमध्ये शिरलो आहे. शिरायला अडचण नाही, सरळच तर जायचं असतं. रडारड होते ती शेवटी. तुला आठवतं ना, कलमांना काड्या देणाऱ्या मातृवृक्षांच्या या ओळी आखल्या तेव्हा कुंपणाजवळ मी जागा सोडत होतो, ट्रॅक्टर वळायला. तू कमरेवर हात ठेवून उभी होतीस. म्हणालीस, ‘लावा अजून एक. वळवायचं माझ्याकडे लागलं.’ मग प्रत्येक ओळीला एकेक झाड जास्त लावलं. तीच शेवटची झाडं आता सगळ्यांत चांगली झाली आहेत, कारण त्यांना कुंपणाकडून मोकळी हवा मिळते. त्यांच्याच काड्यांपासून आपली निम्मी कलमं होतात. आणि त्यांच्यापुढे कुंपणापर्यंत जागा इतकी, की तिथे मी बैलगाडीसुद्धा वळवू शकलो नसतो. माणूसही जरा पोट आत घेऊनच वळतो.

तू कशी वळायचीस ते मी हजारदा पाहिलं आहे, पण आता कळतं की कधी बघितलंच नव्हतं. तुझा चेहरा बघत होतो, पाय नाही. खालचा ओठ दाताखाली धरायचीस, मान जरा कलायची, आणि शेवटच्या झाडाचं पानही न हलता ट्रॅक्टर दुसऱ्या ओळीत. मला वाटायचं, स्टिअरिंग फिरवलं की झालं.

मिस्त्रीने मला समजावलं. डावीकडे वळायचं तर स्टिअरिंग डावीकडे, आणि त्याच वेळी डाव्या चाकाचा ब्रेक. डावं चाक जागीच राहतं, सगळी ताकद उजव्या चाकाला जाते आणि ट्रॅक्टर त्या डाव्या चाकाभोवती फिरतो. उजवा पाय मात्र चालवायच्या पेडलवर हवाच, कारण तो उचलला की सगळंच थांबतं. म्हणजे दोन्ही पाय एकाच वेळी कामाला, आणि दोघांचं काम वेगळं. एकाने चाल द्यायची, दुसऱ्याने अडवायचं. मिस्त्री म्हणाला, ‘वहिनींना हे कुणी शिकवलं नव्हतं. एक दिवस मी आलो तर वळवतच होत्या.’

माझं काय होतं सांगतो. ब्रेक दाबला की इंजिन कण्हतं, म्हाताऱ्याला जिना चढायला लावल्यासारखं. आणि मातीत खड्डा पडतो. आतापर्यंत मी प्रत्येक ओळीच्या टोकाला एकेक खड्डा पाडला आहे. कुंडीवाली विचारते, ‘साहेब, इथे काय लावायचंय?’

टूलबॉक्समध्ये तुझी डावी चप्पल सापडली. ओळीत शिरताना तू ती काढून ठेवायचीस, तळव्याला पेडल कळावं म्हणून. मिस्त्री किती ओरडायचा, अनवाणी बसू नका, लागेल. तुझं आपलं एकच, ‘चपलेतून मला काय डोंबल कळणार?’ घरात तुझी उजवी चप्पल होती, ती आणून शेजारी ठेवून पाहिली. उजवीची टाच पार झिजली आहे आणि डावी अजून नव्यासारखी. मी दोन्ही परत तशाच वेगवेगळ्या ठेवल्या. का ते मलाही माहीत नाही. एकत्र ठेवल्या असत्या तर काहीतरी संपल्यासारखं वाटलं असतं.

सध्या मी डाव्या पायाला दोन लाकडी पट्ट्या बांधून ट्रॅक्टरवर बसतो. मांडीपासून घोट्यापर्यंत, गुडघा वाकणार नाही असा. शेजाऱ्यांनी कुंपणावरून पाहिलं आणि काय लागलं म्हणून विचारायला आले. मी म्हणालो, काही नाही, सवय करतोय. ते काही न कळून परत गेले. कुंडीवालीला वाटतं, तुझ्याविना माझं डोकं फिरलं आहे. तिला वाटू दे. तूही कारण विचारू नकोस एवढ्यात.

मैदानवाले पुन्हा फोन करतात. मी अजून पंपाच्याच थापेवर आहे.

तुझाच,
माळीबुवा

ता. क. मांजर तुझ्या खुर्चीतून आता तुझ्या पलंगावर गेली आहे. प्रगती आहे.

*

२६ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय,

आज ड्रायव्हरीणबाई लिहिताना हात थांबला. मग तसाच थांबू दिला. आज थट्टा जमेलच असं नाही. तुझी प्रकृती कशी आहे ते पोरीने कळवलं. कुबड्यांवर व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आलीस हे वाचून बरं वाटलं. पण परत येताना तू रडलीस, हेही तिने कळवलं. मला सांगू नकोस असं तू तिला बजावलंस म्हणे. तिच्यावर रागावू नकोस.

डॉक्टरांनी लिंबाबद्दल विचारलं ते खरं आहे. पण ते शेवटी. त्याआधी ते म्हणाले की हाड जुळलं आहे, चालणं येईल, काठी घेऊन का होईना. पण डावा गुडघा पुरता वाकणार नाही आणि पावलात पूर्वीचा दाब येणार नाही. मी विचारलं, पेडल दाबण्याइतका? ते म्हणाले, कशाचं पेडल? मी सांगितलं. त्यावर त्यांनी लिंबाचं काढलं. मला वाटतं, बिचाऱ्यांना दुसरं काही सुचलं नसावं.

मी ते तुला सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं की तू ट्रॅक्टर विकून टाका म्हणायचीस, आणि मला वाटायचं, ही स्वतःच ओझं उतरवते आहे तर मी कशाला जखमेवर बोट ठेवू. मग घरी आलो. शेडमध्ये तो उभा होता, सीटवर धूळ बसलेली. ती धूळ पुसताना मला पहिल्यांदा रडू आलं. दवाखान्यात आलं नव्हतं, ऑपरेशनच्या वेळीही नाही. त्या सीटला डाव्या बाजूला तुझ्या बसण्याचा खोलगा पडला आहे, तो हाताला लागला.

मिस्त्रीला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘पाय उचलला की थांबतो, तेव्हा वहिनी नुसता चालवू शकतील. अडेल ते वळणावर. पुढे-मागे, पुढे-मागे करत वळवावा लागेल, आणि तेवढीही जागा तिथे नाही.’ मग म्हणाला, ‘सोपं सांगू? प्रत्येक ओळीचं शेवटचं झाड काढा. जागाच जागा.’

सोपंच होतं. मी कुदळ घेऊन गेलोही. पहिल्या ओळीच्या टोकाशी जाऊन उभा राहिलो. झाडं हलवणं हा माझा धंदा आहे, मला त्यात काय वाटायचं? मुळासकट उचलून दुसरीकडे लावली असती, निम्मी तरी जगली असती. पण ती तुझ्या शब्दावर लावलेली झाडं. तू घरी आली असतीस, गेटातून आत बघितलं असतंस आणि तुला दिसलं असतं की तू वळवू शकणार नाहीस हे मी तुला न विचारता ठरवून टाकलं. कुदळ भिंतीला टेकवून ठेवली आणि मिस्त्रीला म्हणालो, दुसरं काहीतरी काढ.

तो नको नको म्हणत होता. ब्रेकशी खेळ नको, जिवाशी गाठ असते. त्याचं बरोबर आहे. पण मग तोच एक दिवस दोन लोखंडी दांडे घेऊन आला. सीटच्या डाव्या अंगाला दोन उभे दांडे, आतला डाव्या ब्रेकचा, बाहेरचा उजव्या ब्रेकचा. एक ओढला की ते ते पेडल खाली जातं, दोन्ही एकदम ओढले की दोन्ही ब्रेक लागतात. पेडलं जागच्या जागी आहेत, खिट्टीही आहे. स्टिअरिंगला एक गोल मूठ बसवली, उजव्या हाताने एकट्याने फिरवायला.

म्हणून मी पाय बांधून बसत होतो. तुझा पाय जेवढं करू शकणार नाही, तेवढं मीही करायचं नाही असं ठरवलं होतं. माझा धडका पाय तिथे असता तर तो चोरून मदतीला गेला असता. पहिल्यांदा दांडा इतका जड की दोन्ही हातांनी ओढावा लागला आणि स्टिअरिंग तसंच राहिलं. मिस्त्रीने दांडा लांब केला, हलका झाला. मग बाहेरचा ओढताना बोटं पत्र्यावर आपटून सोलून निघाली. त्याने तो वाकवला. काल मी तिसऱ्या ओळीच्या टोकाला वळलो. शेवटच्या झाडाची एक फांदी मोडली, खड्डा पडला, इंजिन कण्हलं, पण वळलो. माणसासारखा, एका झटक्यात. कुंडीवालीने हातातली कुंडी खाली टाकून टाळ्या वाजवल्या. कुंडी फुटली.

आता मिस्त्री पुढचं काम करायला तयार नाही. दांड्यांच्या मुठी बसवायच्या राहिल्या आहेत. तो म्हणतो, ‘साहेब, तुमचा हात लांब. वहिनींच्या हाताच्या मापाने कापायला हवेत. त्या बसल्याशिवाय मी हात लावणार नाही.’ तेव्हा ते दांडे तसेच उघडे, टोकाला फडकं गुंडाळून उभे आहेत.

तुला नको असेल तर नको. खरंच. तू खुर्चीत बसून मला ओरडत राहिलीस तरी हा संसार चालेल, आजवर तसाच चालला आहे. मैदानवाल्यांना फोन करतो आणि ट्रॅक्टर सुरू झाला म्हणून सांगतो. झाडं काढायची असतील तर काढतो, ट्रॅक्टर मी चालवेन, माझा पाय शाबूत आहे. फक्त हे तुला विचारल्याशिवाय मला करायचं नाही. त्या ओळींच्या टोकाला काय व्हावं हे तू ठरवायचंस. पहिल्यापासून तूच ठरवलं आहेस.

मला तू इथे हवी आहेस. ट्रॅक्टरवर, खुर्चीत, पलंगावर मांजरीशी भांडत, कशीही.

तुझाच,
सोललेल्या बोटांचा माळीबुवा

*

४ मार्च, मंगळवार

अहो,

सादर नमस्कार वगैरे. पोरगी शेजारी बसली होती, तिला बाहेर पाठवलं आणि मग लिहायला घेतलं.

डॉक्टरांना मी तुमच्या आधीच विचारलं होतं. तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात तेव्हा. त्यांनी मलाही तेच सांगितलं, आणि लिंबाचंही विचारलं. मीही पाणी कमी करा म्हणाले. तुम्ही वर आलात तेव्हा तुमचा चेहरा बघून कळलं, यांनाही सांगितलंय. पण तुम्ही हसत आलात, मग मी काही बोलले नाही. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी ट्रॅक्टर विका म्हणत होते. मला वाटलं, माझ्या तोंडून आलं की तुम्हाला सोपं पडेल. आपण दोघंही वेडे आहोत.

आता कामाचं. इंजिन कण्हतं, कारण तुमचा उजवा पाय जड आहे. ब्रेक लावताना चालीचं पेडल जवळजवळ सोडायचं असतं, नुसता अंगठा टेकवून ठेवायचा. तुम्ही दोन्हीकडून ओढाताण करता, मग खड्डा नाही तर काय पडणार? आणि ब्रेक धरून ठेवू नका. टेकवा, सोडा, टेकवा, सोडा. झाड खांद्याच्या रेषेत आलं की पहिल्यांदा टेकवायचा, त्याआधी नाही. पुढच्या चाकांना ताकद देणारा जोड काढला होता का? नाहीतर वळताना तीही पुढे ओढतात. मिस्त्रीला विचारा. नसेल काढला तर फांदी त्यामुळेच मोडली. पाना हरवणाऱ्याला एवढंसुद्धा लक्षात राहत नाही.

खड्डे बुजवा. माझ्या ओळींत मला असले खड्डे चालणार नाहीत.

मैदानवाल्यांना खरं सांगा, आणि पंप आधी जोडा.

पट्ट्या उगाच इतक्या घट्ट बांधत होतात. माझा गुडघा थोडा वाकतो. काल पोरीने मोजला, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त. आणि दांडे आत-बाहेर नकोत, पुढे-मागे हवेत, म्हणजे बोटं सोलणार नाहीत. मी बसून दाखवीन. तोवर कुणी कापाकापी करायची नाही. शनिवारी सोडतात. टेंपोने येऊ नका, त्याची फळी मला दिसायलाही नको. गाडी घेऊन या.

झाडांना हात लावाल तर याद राखा.

टूलबॉक्समधली डावी चप्पल बाहेर काढा आणि येताना दोन्ही घेऊन या. आता ब्रेक हातात असणार, ती काढून ठेवायची गरज नाही. घालूनच बसेन.

तुमची,
ड्रायव्हर